एफ-१ व्हिसावर अमेरिकेत कापलेला कर परत कसा मिळवायचा

पगाराच्या स्लिपवर कपातीच्या चार-पाच ओळी असतात. विद्यार्थी त्या सगळ्यांना मिळून ‘टॅक्स कापला’ म्हणतात आणि एप्रिलमध्ये एक फॉर्म भरून जे येईल ते घेतात. खरं तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर काम केलेल्याचे पैसे तीन ठिकाणी अडकलेले असतात: केंद्राचा प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून होणारा एफआयसीए, म्हणजे बोलण्यातला ‘फायका’, आणि राज्याचा प्राप्तिकर. तिन्हींचे फॉर्म वेगळे, पत्ते वेगळे, मुदतीही वेगळ्या. पहिला रिफंड बहुतेक जण मागतात, पण बऱ्याचदा चुकीच्या फॉर्मवर. फायका परत मिळतो हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) वर्षभर नोकरी केलेल्याची मोठी रक्कम नेमकी तिथेच असते.

हा लेख एफ-१ वर कॅम्पसवरची नोकरी, सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम) किंवा ओपीटी केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, मग ते अजून तिकडे असोत की परतलेले असोत. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाल्यानंतरच्या काळाला यातल्या बऱ्याच गोष्टी लागू नाहीत.

आधी ठरवा: करासाठी तुम्ही रहिवासी की अनिवासी

इमिग्रेशनच्या भाषेतला रहिवासी आणि करकायद्यातला रहिवासी यांचा संबंध नाही. करकायदा दिवस मोजतो. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, मागल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश असे मिळून १८३ झाले, तर तुम्ही करासाठी रहिवासी. एफ-१ विद्यार्थ्याचे दिवस मात्र पहिली पाच कॅलेंडर वर्षं या मोजणीत धरले जात नाहीत.

इथे दोन ठिकाणी गडबड होते. पहिली, पाच वर्षं म्हणजे साठ महिने नव्हेत. वर्षातला एक दिवस जरी एफ-१ वर तिथे असलात तरी ते पूर्ण वर्ष खर्ची पडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्याची पाच वर्षं २०२१, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५. त्याचे दिवस १ जानेवारी २०२६ पासून मोजायला लागतात. बारावीनंतर पदवीसाठी गेलेला आणि पुढे एमएस केलेला मुलगा त्यामुळे एमएसच्या काळातच रहिवासी होऊ शकतो. दुसरी गडबड अशी की या सवलतीतल्या माणसाला कायदा ‘एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल’ म्हणतो. ही सूट दिवसांच्या मोजणीतून आहे, करातून नाही. ‘मी एक्झेम्प्ट आहे’ म्हणत फॉर्मच न भरणारे दरवर्षी निघतात.

अनिवासी असाल तर तुमचं रिटर्न फॉर्म १०४०-एनआर. त्याच्या सोबत फॉर्म ८८४३, म्हणजे दिवस मोजणीतून वगळण्याचं निवेदन. हा ८८४३ कमाई शून्य असली तरी दरवर्षी द्यायचा असतो, आणि सोबत एफ-२ वर असलेल्या जोडीदाराने स्वतःचा वेगळा द्यायचा असतो.

कोणते कागद लागतील

- डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला. मालकाने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. बॉक्स १ मध्ये करपात्र पगार, बॉक्स २ मध्ये केंद्राचा कापलेला कर, बॉक्स ४ आणि ६ मध्ये फायका, बॉक्स १७ मध्ये राज्याचा कर.
- १०४२-एस, शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा किंवा स्टायपेंडचा भाग करपात्र असेल तर. हा मार्चच्या मध्यापर्यंत येतो. त्याआधी रिटर्न भरून मोकळे झालात तर सुधारित रिटर्न भरत बसाल.
- पासपोर्ट, व्हिसाचं पान, सगळे आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेले दाखले), ओपीटीचं ईएडी कार्ड (कामाचा परवाना).
- आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि ये-जा केल्याच्या तारखा. सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या) आय-९४ संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास मिळतो. पण तो पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून घ्या, जमिनीवरून केलेल्या प्रवासाच्या नोंदी त्यात कधीकधी अर्धवट असतात.
- सोशल सिक्युरिटी नंबर. तो नसेल आणि फक्त शिष्यवृत्तीवर कर कापला गेला असेल तर फॉर्म डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन, म्हणजे त्याऐवजी चालणारा करदात्याचा क्रमांक, मागवावा लागतो.

विद्यापीठाकडून येणारा १०९८-टी, म्हणजे शिक्षण शुल्काचा फॉर्म, बाजूला ठेवा. त्यावर मिळणाऱ्या शिक्षणाच्या सवलती अनिवासींना नाहीत. बँकेच्या बचत खात्यावरचं व्याजही अनिवासीला करमुक्त आहे. शेअरचं मात्र तसं नाही: वर्षात १८३ दिवस किंवा अधिक अमेरिकेत राहिलेल्या अनिवासीच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर लागतो, आणि भारताशी असलेल्या करारानुसार लाभांशावर २५ टक्के. हे आकडे १०४०-एनआरच्या शेड्यूल एनईसी या पुरवणीवर जातात. मोबाइल ॲपवर हौसेने घेतलेले चार शेअर रिफंड खातात ते असे.

डब्ल्यू-२ हरवला असेल तर आधी कंपनीच्या पगाराच्या पोर्टलवर पाहा, लॉगिन नोकरी सोडल्यावरही बऱ्याचदा चालू असतं. तिथे नसेल तर फॉर्म ४५०६-टी भरून आयआरएसकडून (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याकडून) त्या वर्षाचा वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट मागवता येतो. मालक दादच देत नसेल तर शेवटच्या पगाराच्या स्लिपवरून फॉर्म ४८५२ भरून जोडा.

नावाची एक भानगड मराठी घरांतल्या मुलांना हमखास भेटते. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं, कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो. मग सोशल सिक्युरिटी कार्डावर एक नाव, डब्ल्यू-२ वर दुसरं. आयआरएस आडनावाची पहिली चार अक्षरं आणि नंबर जुळवून पाहतं. रिटर्नवर सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच नाव लिहा. कार्डच चुकीचं असेल तर अमेरिका सोडण्याआधी दुरुस्त करून घ्या.

रिफंड मुळात का निघतो

मालक दर पगाराला कर कापताना असं गृहीत धरतो की हाच पगार वर्षभर मिळणार आहे. इंटर्नशिप मात्र तीन महिन्यांची. शिवाय अनिवासींच्या कपातीत एक जास्तीची रक्कम धरण्याचा नियम आहे. भारतीय विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे, पण ती पगारखात्याला माहीत असतेच असं नाही. ती आयआरएसच्या नोटीस १३९२ मध्ये लिहिलेली आहे. नोकरीला लागताना करकपातीचा फॉर्म डब्ल्यू-४ भरतानाच ही नोटीस पुढे करावी.

आता मुख्य मुद्दा. अनिवासींना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ च्या उपकलम २ ने भारतीय विद्यार्थ्यांना ते दिलं आहे. रक्कम एकट्या व्यक्तीसाठी २०२२ साठी १२,९५०, २०२३ साठी १३,८५०, २०२४ साठी १४,६०० आणि २०२५ साठी १५,७५० डॉलर.

आकड्यांत पाहू. एका विद्यार्थ्याने २०२४ च्या उन्हाळ्यात सिएटलमध्ये महिना ६,००० डॉलरवर तीन महिने इंटर्नशिप केली. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा कर नाही. पगार १८,०००. कंपनीने महिन्याला साधारण ६४० प्रमाणे १,९२० डॉलर कापले. दुसरी कमाई नाही.

१८,००० वजा १४,६०० म्हणजे करपात्र रक्कम ३,४००. तक्त्याप्रमाणे कर ३४३. रिफंड १,५७७ डॉलर.

हेच डिडक्शन घ्यायला तो विसरला, तर १८,००० वर कर १,९३१. रिफंड राहिला बाजूला, उलट ११ डॉलर भरायचे. सगळा रिफंड एका ओळीवर उभा आहे.

ही सवलत पासपोर्टवर ठरत नाही, अमेरिकेला जाण्याच्या लगेच आधी तुम्ही भारताचे रहिवासी होता की नाही यावर ठरते. दुबईत किंवा मस्कतमध्ये वाढून तिथूनच थेट अमेरिकेला गेलेल्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असला तरी तो या कलमात बसत नाही. रूममेटचा फॉर्म पाहून भरण्याचाही उपयोग नाही. चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्या करारात ५,००० डॉलरपर्यंतची कमाई करमुक्त आहे, आपल्याला ती नाही, आणि आपलं डिडक्शन त्यांना नाही.

१०४०-एनआर भरताना

विद्यापीठाने स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर टॅक्स प्रेपसारख्या अनिवासींसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड दिला असेल तर तो वापरा. रहिवाशांसाठीची नेहमीची सॉफ्टवेअर १०४०-एनआर तयार करत नाहीत. ती न विचारता साधा १०४० तयार करतात, आणि नव्वद टक्के गोंधळ तिथून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. हाताने भरायचं तर क्रम असा.

१. वरती फायलिंग स्टेटस. अविवाहित असाल तर सिंगल. विवाहित असाल तर मॅरीड फायलिंग सेपरेटली. जोडीदारासोबत एकत्रित रिटर्न अनिवासीला भरता येत नाही.

२. पत्ता असा द्या की जिथे आलेलं पत्र कोणीतरी उघडून वाचेल. परतलेले असाल तर पुण्या-नाशकाचा घरचा पत्ता चालतो. खोली सोडलेल्या अपार्टमेंटचा पत्ता देऊ नका.

३. डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ चा आकडा पगाराच्या ओळीत, बॉक्स २ चा आकडा कापलेल्या कराच्या ओळीत. दोन मालक असतील तर बेरीज.

४. डिडक्शनची ओळ, २०२४ च्या फॉर्मवर ती १२ क्रमांकाची आहे. फॉर्मवर तिथे आयटमाइज्ड डिडक्शन (खर्चवार वजावट) असाही उल्लेख असतो, म्हणून लोक बिचकतात. त्या वर्षाचं स्टँडर्ड डिडक्शन तिथेच लिहायचं आणि ओळीच्या डावीकडच्या जागेत इंग्रजीत ‘स्टँडर्ड डिडक्शन अलाउड अंडर यू.एस.–इंडिया इन्कम टॅक्स ट्रीटी’ असं नोंदवायचं. हे घेतलं की शेड्यूल ए वरची राज्याच्या कराची वगैरे वजावट घेता येत नाही.

५. शेड्यूल ओआय. यात नागरिकत्व, करासाठी रहिवासाचा देश, व्हिसाचा प्रकार, ये-जा केल्याच्या तारखा आणि तीन वर्षांचे दिवस विचारतात. हे दिवस प्रत्यक्ष राहिलेले लिहायचे, सवलतीतले वगळून नव्हे. वगळायचे दिवस ८८४३ वर वेगळ्या ओळीत येतात. दोन्हीकडे शून्य लिहिणारे पुष्कळ असतात, आणि मग रिटर्न स्वतःशीच विसंगत दिसतं.

६. ८८४३ मध्ये विद्यार्थ्यांनी भाग १ आणि भाग ३ भरायचा. विद्यापीठाचं नाव-पत्ता आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या संचालकांचं नाव लागतं, ते कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतं.

७. सही आणि तारीख. सही नसलेला कागदी फॉर्म परत येतो, आणि तो भारतात परत येईपर्यंत महिने जातात.

ओपीटीवर कंपनीने पगाराऐवजी कंत्राटी म्हणून १०९९-एनईसी दिला असेल तर ती कमाई शेड्यूल सी वर दाखवायची. सॉफ्टवेअर त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लावू पाहील. अनिवासीला तो लागत नाही.

साधा १०४० आधीच भरला असेल तर

बहुधा स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल, जे तसंही मिळणारच होतं. खरा धोका शिक्षणाच्या क्रेडिटचा. अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट २,५०० डॉलरपर्यंत आणि लाइफटाइम लर्निंग क्रेडिट २,००० डॉलरपर्यंत असतं. अनिवासीने ते घेतलं असेल तर ते परत करावं लागतं, व्याजासह. ‘तुम्हाला दुसऱ्यांपेक्षा जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणारे एजंट बहुतेक याच वाटेने जातात. रकमेच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याच्या हातात कागद देऊ नका. सही तुमची असते.

दुरुस्ती अशी: फॉर्म १०४०-एक्सच्या पहिल्या पानावर फक्त नाव, पत्ता आणि नंबर भरा, आकडे भरू नका. स्पष्टीकरणाच्या भागात दुरुस्तीचं कारण लिहा. नवा १०४०-एनआर पूर्ण भरून त्याच्या माथ्यावर ‘अमेंडेड’ लिहा आणि १०४०-एक्सच्या मागे जोडा. ८८४३ राहिला असेल तर तोही सोबत. रक्कम देणं निघत असेल तर आयआरएसचं पत्र येण्याची वाट न पाहता भरून टाका. पुढे ग्रीन कार्डपर्यंत जायचा विचार असेल तर जुनी रिटर्न्स बाहेर निघतातच.

फायका: ७.६५ टक्के

सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के, मेडिकेअर १.४५ टक्के. एफ-१ वरच्या अनिवासीच्या परवानगीने केलेल्या कामाला दोन्ही लागू नाहीत, आणि त्यात सीपीटी, ओपीटी दोन्ही आले. विद्यापीठांना हे माहीत असतं. चूक होते ती छोट्या कंपन्यांत आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या कन्सल्टन्सींत, जिथे पगाराचं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच नियम लावतं. ८०,००० डॉलर पगारावर वर्षाला ६,१२० डॉलर जातात. हे पैसे १०४०-एनआरवर मागता येत नाहीत, तिथे त्यांना ओळच नाही.

आधी डब्ल्यू-२ चे बॉक्स ४ आणि ६ पाहा. रिकामे असतील तर हा भाग सोडून द्या. आकडे असतील तर काम दोन टप्प्यांत.

टप्पा पहिला, मालक. पगारखात्याला लेखी ईमेल पाठवा: एफ-१ वर कधी आलात, पाच कॅलेंडर वर्षांत असल्यामुळे तुम्ही अनिवासी आहात, आणि इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ३१२१(बी)(१९) खाली तुम्हाला सूट आहे. आय-२०, आय-९४, ईएडीच्या प्रती जोडा. एक वाक्य आवर्जून घाला: तुमच्या ७.६५ टक्क्यांइतकीच रक्कम कंपनीनेही स्वतःच्या खिशातून भरलेली आहे, आणि फॉर्म ९४१-एक्स भरल्यावर तीही कंपनीला परत मिळते. कायद्याच्या कलमापेक्षा या वाक्याने कामं जास्त हलतात. कंपनीने मान्य केलं तर ती पैसे परत देते आणि दुरुस्त डब्ल्यू-२सी काढते. हेच पैसे तुम्ही स्वतः आयआरएसकडे मागितले नाहीत असं ती तुमच्याकडून लेखी घेईल. कंपनी अजून चालू वर्षाचाच पगार देत असेल तर दुरुस्ती आणखी सोपी, म्हणून पहिल्या पगाराची स्लिप बारकाईने पाहावी.

टप्पा दुसरा, आयआरएस. कंपनीने नकार दिला, अर्धेच पैसे दिले, उत्तर दिलं नाही किंवा ती बंदच पडली, तर फॉर्म ८४३ आणि सोबत फॉर्म ८३१६. जोडायचे कागद: डब्ल्यू-२ ची प्रत, व्हिसाचं पान, आय-९४, आय-२०, ओपीटी असेल तर ईएडी, आणि कंपनीने किती पैसे परत दिले याचं तिचं पत्र. पत्र मिळत नसेल तर ते का मिळालं नाही याचं तुमचं स्वतःचं सही केलेलं निवेदन. कंपनीला पाठवलेल्या ईमेलची प्रिंट इथे कामाला येते. फॉर्म ८४३ वर कराचा प्रकार एम्प्लॉयमेंट निवडा, रक्कम बॉक्स ४ आणि ६ ची बेरीज, प्रत्येक वर्षाचा फॉर्म वेगळा.

हा संच १०४०-एनआरच्या पाकिटात घालू नका. त्याचा पत्ता निराळा: डिपार्टमेंट ऑफ द ट्रेझरी, इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस सेंटर, ऑग्डेन, यूटा ८४२०१-००३८. उत्तराला बरेच महिने लागतात. मध्येच आणखी कागद मागणारं पत्र आलं तर त्यातली मुदत पाळा, नाहीतर दावा फेटाळला जातो.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. १ ऑक्टोबरला एच-१बी सुरू झाला की त्या दिवसापासून फायका लागू, त्या वर्षी करासाठी अनिवासी असलात तरी. आणि पाच वर्षं संपून रहिवासी झालात तर कॅम्पसबाहेरच्या नोकरीवर फायका रीतसर लागतो.

राज्याचा रिफंड

राज्याचं रिटर्न केंद्राच्या रिटर्ननंतरच करा, कारण बहुतेक राज्यं १०४०-एनआरची प्रत मागतात. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी अशा राज्यांत पगारावर कर नाही, तिथे प्रश्नच मिटला. इतर ठिकाणी डब्ल्यू-२ चा बॉक्स १७ पाहा. विद्यापीठ एका राज्यात आणि इंटर्नशिप दुसऱ्या राज्यात असेल तर दोन रिटर्न भरावी लागू शकतात. कॅलिफोर्नियात अनिवासी किंवा वर्षाचा काही भागच रहिवासी असलेल्यांचा फॉर्म ५४०एनआर, न्यूयॉर्कमध्ये आयटी-२०३. राज्याचा रहिवास केंद्राच्या नियमांवर ठरत नाही, केंद्राकडे अनिवासी असलेला विद्यार्थी राज्याकडे रहिवासी असू शकतो. कॅलिफोर्निया केंद्राचे करकरार मानत नाही, पण तिचं स्वतःचं छोटं स्टँडर्ड डिडक्शन आहे, २०२४ साठी ५,५४० डॉलर. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपवर कापलेल्या रकमेचा बराचसा भाग तरीही परत येतो.

मुदती

पगार असेल तर १०४०-एनआरची तारीख पुढल्या वर्षीचा १५ एप्रिल. पगार नसेल आणि फक्त ८८४३ किंवा शिष्यवृत्तीचं १०४२-एस असेल तर १५ जून. रिफंडच निघत असेल तर उशिराचा दंड नाही. त्यामुळे ‘तीन वर्षं आहेत, बघू सावकाश’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अर्धवट आहे.

तीन वर्षांची मुदत रिफंड मागण्याची. २०२३ च्या कापलेल्या करासाठी ती १५ एप्रिल २०२७, २०२४ च्यासाठी १५ एप्रिल २०२८. फायकाच्या दाव्यालाही याच तारखा. पण अनिवासीला डिडक्शन हवं असेल तर रिटर्न मूळ तारखेपासून १६ महिन्यांच्या आत जायला हवं. २०२४ च्या रिटर्नची मूळ तारीख १५ एप्रिल २०२५, म्हणजे डिडक्शनची मर्यादा १५ ऑगस्ट २०२६. त्यानंतर रिटर्न गेलं तर आयआरएस स्टँडर्ड डिडक्शन नाकारू शकतं. उशिराला सबळ कारण दाखवून सूट मागता येते, ती मिळेलच असं नाही. वरच्या सिएटलच्या उदाहरणात डिडक्शन गेलं की रिफंड शून्य होतो हे आपण पाहिलंच.

भारतातून पाठवताना

ई-फाइल शक्य असेल तर तेच करा. कागदी असेल तर १०४०-एनआरवर डब्ल्यू-२ जोडा, मागे ८८४३. पत्ता: डिपार्टमेंट ऑफ द ट्रेझरी, इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, ऑस्टिन, टेक्सास ७३३०१-०२१५, यूएसए. या पिनकोडला रस्त्याचं नाव नसतं, त्यामुळे तो टपालखात्याचा पत्ता आहे. भारतीय टपालाची आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट तिथे पोहोचते. डीएचएल किंवा फेडेक्सने पाठवायचं तर ऑस्टिनचा रस्त्याचा पत्ता, ३६५१ साउथ आयएच ३५, ऑस्टिन ७८७४१, असा द्यावा लागतो. प्रत्येक वर्षाचं रिटर्न वेगळ्या पाकिटात घाला. पाठवण्याआधी सहीसकट संपूर्ण संच स्कॅन करून ठेवा, आणि पावती जपा. मुदत गाठल्याचा पुरावा तीच.

पैसे हातात येताना

इथे भारतात परतलेले सर्वाधिक अडकतात. १०४०-एनआरवर नऊ अंकी राउटिंग नंबर आणि अमेरिकन बँकेचा खातेक्रमांक मागतात. आयएफएससी किंवा स्विफ्ट कोड तिथे चालत नाही. मित्राचं खाते द्यायचा मोह होतो, पण खातं तुमच्या नावाचं हवं, नाव जुळलं नाही तर बँक रक्कम परत पाठवते. पूर्वी चेक घरी येत असे. अमेरिकी सरकारने सप्टेंबर २०२५ अखेरपासून व्यक्तींचे कागदी रिफंड चेक बंद करत आणले आहेत. जे थोडे निघतात ते वर्षभरच वटतात, आणि परदेशी चेक वटवून देणारी बँक शोधणं हे भारतात एक स्वतंत्र काम आहे. म्हणून एकच उपाय: शेवटचा रिफंड जमा होईपर्यंत अमेरिकेतलं खातं बंद करू नका. महिन्याचं शुल्क नसलेल्या प्रकारात ते बदलून घ्या, आणि ओटीपी भारतीय मोबाइलवर किंवा ॲपवर येईल अशी सोय विमानात बसण्याआधी करा. अमेरिकन सिम बंद झाल्यावर खात्यात शिरणंच अशक्य होतं, हे बऱ्याच जणांना मुंबईत उतरल्यावर कळतं.

रिटर्नची स्थिती आयआरएसच्या ‘व्हेअर्स माय रिफंड’ पानावर कळते. सोशल सिक्युरिटी नंबर, फायलिंग स्टेटस आणि रिफंडचा नेमका आकडा द्यावा लागतो. ई-फाइल साधारण दिवसभरात दिसू लागते, कागदी रिटर्न चारेक आठवड्यांनी. १०४२-एसवरचा रिफंड असेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते. ओळख पटवण्याचं पत्र आलं तर त्याला उत्तर दिल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. भारतातून फोन करायचा तर आयआरएसचा परदेशस्थांसाठीचा क्रमांक १-२६७-९४१-१०००, सोमवार ते शुक्रवार, तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या सकाळी ६ ते रात्री ११. तो मोफत नाही. आपल्याकडे दुपारी साडेतीन-चारला (तिकडच्या हिवाळ्यात साडेचार-पाचला) केलात तर तिकडे कार्यालय नुकतंच उघडलेलं असतं.

भारतातल्या रिटर्नमध्ये काय दाखवायचं

रिफंड हे उत्पन्न नाही, तुमचाच पैसा परत आलेला आहे. उशिरामुळे आयआरएसने त्यावर व्याज दिलं तर ते व्याज उत्पन्न आहे. परतलेल्या वर्षाकडे मात्र नीट पाहा. वर्षाच्या सुरुवातीला, समजा जूनमध्ये, कायमचे परतलात तर त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस सहज भरतात आणि तुम्ही रहिवासी होता. परतलेल्यांना दोन-तीन वर्षं ‘नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट’ची, म्हणजे परदेशातल्या कमाईवर भारतात कर न लागण्याची, सवलत असते असं ऐकलेलं असतं. पण ती दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला, किंवा मागच्या सात वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेल्याला मिळते. दोन वर्षांचं एमएस आणि वर्षभर ओपीटी करून आलेला या दोन्हींत बसत नाही. म्हणजे एप्रिल ते जूनचा अमेरिकेतला पगार भारतात दाखवायचा, आणि त्यावर तिकडे लागलेल्या कराचं क्रेडिट मागायचं, १९६१ च्या कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ होता. क्रेडिट रिफंड वजा करून उरलेल्या कराचंच मिळतं. उघडं ठेवलेलं अमेरिकन खातं भारतीय रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या यादीत) नोंदवावं लागतं, शिल्लक चाळीस डॉलर असली तरी. त्यातले आकडे आर्थिक वर्षाचे नसून जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, त्यामुळे बँकेची वार्षिक स्टेटमेंट खातं चालू असतानाच उतरवून घ्या.